न बघता सातशे

"न बघता सातशे," शिरगुप्पे म्हणाले आणि त्यांनी शिक्क्याच्या पॅडचं झाकण उघडलं.

"आणि बघून?" मी विचारलं.

शिक्का त्यांच्या हातातच राहिला. "बघून म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आमच्या घरी यायचं, वायरिंग तपासायचं आणि मग सही करायची. कागदावर तसंच छापलंय की. मी स्वतः तपासणी केली आहे, म्हणून."

"छापलेलं असतंय ते, ताई. लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापतात, तसं."

माझ्या मागं उभा असलेला माणूस फसकन हसला. हसू मलाही आलं होतं, पण मी ते गिळलं. हसले असते तर सातशे रुपये देऊन घरी गेले असते.

शिरगुप्प्यांचं दुकान लाइटच्या ऑफिससमोर होतं, चहाच्या गाडीला लागून. त्यांचं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स फ्रेम करून देवांच्या शेजारी लावलेलं, त्यालाही रोज हार. नवीन मीटर हवा असो की लोड वाढवून हवा असो, ऑफिसात घराचा टेस्ट रिपोर्ट मागत. मग लोक रस्ता ओलांडून इकडे येत, शिरगुप्पे सही-शिक्का देत आणि लोक परत रस्ता ओलांडत. अर्ध्या तालुक्यातली घरं त्यांनी त्या एका खुर्चीत बसून तपासली होती.

"बघून किती, ते सांगा," मी म्हटलं.

"तसा दर नाही."

"लावा मग."

"आजवर कुणी मागितलंच नाही, ताई."

"न बघता सातशे घेता, तर बघून कमीच घ्यायला पाहिजेत. न बघता ठीक आहे म्हणायला जिवाला केवढा ताप होत असेल."

आता मागचा माणूस मोठ्यानं हसला. शिरगुप्प्यांनी पॅडचं झाकण लावलं. "हजार. वर रिक्षाभाडं. परवडतंय?"

"परवडतंय. उद्या सकाळी या. चहा माझा."

लोड वाढवायचा होता तो गेझरसाठी. आमची रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि ह्यांनी कारखान्यातून ॲडव्हान्स काढून गेझर आणून ठेवला होता. तो खोक्यासकट पलंगाखाली होता. माझी पाठ तेव्हा धड नव्हती, चुलीवरून मोरीपर्यंत कढत पाण्याच्या बादल्या वाहणं मला जमणारं नव्हतं. रेवतीच्या सासूबाईंनी निरोपच दिला होता, तिकडं गरम पाण्याची सोय नसली तर बाळंतपण आमच्याकडेच करू. गोड आवाजात दिला होता. विहिणींचे कडक निरोप गोड आवाजातच येतात.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांची दुसरी पाळी होती, डबा भरून वाट बघत बसले होते.

"तीनशे जास्त देऊन दुखणं विकत आणलंस," हे म्हणाले.

"दुखणं घरात आहेच. नाव काय त्याचं, तेवढं विचारते."

ह्यांनाही ते माहीत होतं. आमच्या रांगेत सगळ्यांनाच माहीत होतं.

आमची आठ घरांची रांग, एकाच बिल्डरनं बांधलेली. आठही मोऱ्या मागच्या भिंतीला, आणि भिंतीतून सगळ्यांच्या नळाचा एकच लोखंडी पाइप. वर्षभरापूर्वीपासून तो नळ कधीकधी चावायचा. चावायचा म्हणजे हाताला मुंग्या यायच्या, कोपरापर्यंत. पावसाळ्यात जास्त. त्यामुळं रांगेतल्या बायका नळ उघडण्याआधी त्याला बोटांची मागची बाजू लावून बघायच्या. सरळ हात लावला तर मूठ आवळून धरली जाते, उलटा लावला तर झटकला जातो. मोरीत प्रत्येकीची रबरी चप्पल वेगळी. नव्या सुनेला दूधवाल्याची वेळ सांगायच्या आधी हे शिकवायचं. सकाळी एकमेकींना विचारायचो, "आज नळ जागा आहे का गं?" म्हाताऱ्या सासवांच्या स्वभावाबद्दल विचारावं, तसं. राग कुणालाच यायचा नाही. सवय झाली होती.

पण बाळाला अंघोळ घालणारी बाई चप्पल घालून बसत नाही. ती मोरीत पाट घेते, पाय लांब करते, नडगीवर बाळ पालथं घालते. सगळं अंग ओलं. आणि नळ तिच्या पाठीशी. हे चित्र मला बादल्या विसळताना दिसायचं, कणीक मळताना दिसायचं. त्यात आणखी गेझर जोडायचा.

शिरगुप्पे दुसऱ्या दिवशी आले, हातात एक चामड्याची पिशवी घेऊन. पिशवीवर बरीच धूळ होती, ती त्यांनी आमच्या पायपुसण्यावर झटकली. बोर्ड उघडले, तारा बघितल्या, चांगल्या आहेत म्हणाले. मग मी त्यांना मोरीत नेलं.

"ह्या नळाला टेस्टर लावा."

"नळाला?"

"लावा तर."

त्यांनी लावला. टेस्टरमधला तांबडा दिवा लागला. त्यांनी टेस्टर काढला, शर्टाला पुसला, परत लावला. परत लागला.

"मेन बंद करा," ते ओरडले.

ह्यांनी पुढच्या खोलीत जाऊन मेन खाली ओढला. फ्रीजची घरघर थांबली, पंखा गरगरत थांबला. घरात वीज नाही. शिरगुप्प्यांनी पुन्हा टेस्टर लावला, आणि तो दिवा तसाच लागला.

ते मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवे बसले.

"ताई, नगरपालिकेची पाण्याची पाइपलाइन कधी बदलली इकडची?"

"गेल्या वर्षी. लोखंडाची गंजली होती, प्लॅस्टिकची घातली. पेढे वाटले होते आम्ही."

"तेच." त्यांनी कपाळ पुसलं. "घरात कुठं वीज गळली तर ती जमिनीत जायला वाट लागते. ती अर्थिंग. तुमच्या बिल्डरनं प्रत्येक घराला वेगळी वाट केलीच नाही, सगळ्यांच्या तारा ह्या नळाच्या पाइपाला बांधल्या. पाइप लोखंडी होता तोवर वीज त्याच्यातून जमिनीत जायची. आता रस्त्यात प्लॅस्टिक आलं. वाट बंद. आठातल्या कुणाच्या तरी घरात गळती आहे, आणि ती आठांच्या नळात फिरतेय."

"कुणाच्या घरात?"

"सगळी घरं बघितल्याशिवाय कसं सांगू? तुमच्या नाही, एवढं नक्की. आत्ताच बघितलंत." ते उठले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे तुमचं वायरिंग चांगलं आहे. तुम्हाला रिपोर्ट द्यायला मला काहीच अडचण नाही. हा घ्या, आत्ता लिहितो."

"माझ्या मोरीत वीज येतेय आणि माझं घर पास?"

"वीज तुमची नाही ना पण."

"माणूस मरतो तेव्हा वीज कुणाची, ते विचारून मरतो का?"

त्यांनी पेन उघडलेलं होतं. "ताई, तुम्हाला गेझर पाहिजे. गेझरला लोड पाहिजे. लोडला हा कागद पाहिजे. घ्या आणि विषय संपवा. हजार पण नका देऊ. फुकट देतो."

फुकट म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "शिरगुप्पे, आमच्या रांगेला वीज आली तेव्हा रिपोर्ट कुणी दिले होते?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आठही तुम्हीच ना?"

"बिल्डरनं एकगठ्ठा आणले होते. दर पण एकगठ्ठा लावला होता." हे त्यांनी अगदी हळू सांगितलं.

"बरं. झालं ते झालं. आता मला लिहून द्या की हे घर सुरक्षित नाही."

"काय?"

"नापास. नापास लिहून द्या."

"नापास असं लिहायचे कागद नसतात, ताई. एवढ्या वर्षांत मी कुणाला नापास केलेलं नाही."

"न बघता कसे कराल? त्याला बघावं लागतं."

"अहो, मी असं लिहिलं तर मलाच विचारतील, आधी सही कशी केली म्हणून. तुम्हाला लोड मिळणार नाही. आहे ती लाइट तोडायला येतील. पोरगी बाळंतपणाला येतेय ना तुमची? आणि हे कुणासाठी चाललंय? रांगेतल्या एकीनं तरी तक्रार केलीय का?"

हे मोरीच्या दाराशी चहाचे कप घेऊन येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता म्हणतील, सोड मंदा. ते म्हणाले नाहीत.

मी पाटावर बसले. खरं तर मला शिरगुप्प्यांना काही सांगायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"आमचं लग्न सामुदायिक विवाहात झालं. मुलगी अठराची आहे असा डॉक्टरचा दाखला लागायचा. मी पंधराची होते. वडील मला घेऊन दवाखान्यात गेले. मी बाहेर बाकावर बसले होते, दोन वेण्या, त्याला लाल रिबिनी. डॉक्टरांची खोली समोरच. दारातून नुसती मान बाहेर काढली असती तरी दिसले असते. वडील आत गेले आणि दाखला घेऊन बाहेर आले. माझ्या दाखल्याला गुळाची एक ढेप पडली. तो न बघताचा दर."

शिरगुप्पे खाली बघत होते.

"सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं. ते मूल राहिलं नाही. दवाखान्यात विचारलं, एवढ्या लहानपणी कशी काय? तर वडिलांनी तोच दाखला दाखवला. कागदावर मी एकोणीस वर्षांची होते, त्यामुळं कुणाचंच काही चुकलं नव्हतं. रेवती त्याच्यानंतरची, पुष्कळ वर्षांनी."

कपबशा वाजल्या.

"ती ढेप तुझ्या वडिलांची नव्हती," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

"आमच्या घरची होती. आमच्या गुऱ्हाळातली. बापानं सांगितलं, नेऊन दे. सायकलच्या कॅरेजला बांधून मीच पोचवली." त्यांनी कप खाली ठेवले. "बाहेर बाकावर तू बसली होतीस. मी तुला बघितलं होतं, मंदा. रिबिनी पण बघितल्या होत्या."

इतक्या वर्षांत ह्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. रागवायचं म्हटलं तर तेही एकोणीस-वीसचेच होते तेव्हा, बापाच्या शब्दाबाहेर नसलेले. आणि नाही रागवायचं म्हटलं तर तेही जमेना. पाटावर बसून राहिले.

ह्यांनी शिरगुप्प्यांपुढं कप सरकवला. "चहा घ्या. आणि ती सांगतेय ते लिहा."

शिरगुप्प्यांनी चहा घेतला. मग पिशवीतून आपल्या नावाचा कोरा लेटरहेड काढला, तो फळीवर ठेवला, आणि लिहिताना एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत गेले, शाळेतल्या पोरासारखं. सदर घराची मी समक्ष तपासणी केली. नळास विद्युतप्रवाह येत आहे. अर्थिंग नाही. घर राहण्यास सुरक्षित नाही. शेजारील सात घरांची तपासणी आवश्यक. खाली सही. शिक्का मारायला गेले तर उमटेना, पॅड दुकानातच राहिलेलं. मग शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली आणि दाबून मारला. निम्माच उमटला, पण नाव वाचता येत होतं.

"हजार," मी पैसे पुढं केले.

"राहू द्या."

"राहू देणार नाही. पासाचे घेता, नापासाचे का नाही? आणि हे रिक्षाचे."

त्यांनी घेतले.

त्या कागदाच्या मी झेरॉक्स काढल्या आणि एक रांगेच्या टोकाला, जिथं आठही मीटर आहेत त्या पेटीवर चिकटवली. दुपारी ती कुणीतरी फाडली. मी दुसरी चिकटवली.

संध्याकाळी माळवदे आले. ते शेवटच्या घरातले, कॉलनीचे सेक्रेटरी. मुलाकडं पुण्याला जायचं म्हणून घर विकायला काढलं होतं.

"वहिनी, हे काय चालवलंय तुम्ही?"

"काका, तो कागद तुम्ही फाडलात ना? घरी पण एक ठेवा, वाचायला."

"थट्टा नको. सोमवारी माझा विसार आहे. माणसं घर बघायला येतात आणि दारात हे. पंधरा दिवस थांबलात तर काय बिघडतंय? वर्षभर चावतोय नळ, मेलं का कुणी?"

"घेणारे कोण आहेत?"

"बँकेतला मुलगा आहे. नवरा-बायको आणि एक लहान."

"केवढं?"

"रांगतंय. त्याचा काय संबंध?"

"मग नाही थांबत."

माळवद्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही तरी आवरा ह्यांना. उद्या ऑफिसातनं माणसं येतील, कनेक्शन तोडतील सगळ्या रांगेचं. पोरीच्या बाळंतपणात अंधारात बसाल."

ह्यांचा स्वभाव म्हणजे कारखान्यात साहेबानं हाक मारली की आधी टोपी काढणारा. मला वाटलं, आता टोपी काढतील.

"तोडू देत," हे म्हणाले. "पाणी मी तापवीन. बंब आहे माळ्यावर, उतरवतोय उद्या. बादल्या पण मीच वाहीन."

"आणि माझ्या घराचं काय?"

"ते आधी बघून घ्या, काका. मग विका."

"बघतोच मी!" म्हणून माळवदे गेले. जाताना फाटक असं आपटलं, की वरची कडी निखळली. ती ह्यांनी मुकाट्यानं बसवली.

मग आत येऊन त्यांनी स्टूल घेतलं आणि तेव्हाच माळ्यावरून बंब उतरवायला लागले. उद्या उतरवायचा होता तो. मी खालून स्टूल धरलं. बंबावर एवढी काजळी होती की ती सगळी त्यांच्या कपाळावर आली. मी पदरानं पुसली. आम्ही दोघंही गुळाबद्दल काही बोललो नाही. सकाळीच बोलून झालं होतं.

रात्री रेवतीला फोन केला. म्हटलं, "गेझर बसत नाही एवढ्यात. बंबावर पाणी. सासूबाईंना सांग आणि काय म्हणतात ते कळव."

"आई, मी त्यांना काही विचारणार नाहीये," रेवती म्हणाली. "मी शुक्रवारच्या गाडीनं येतेय."

ती आली. आली तेव्हा मागच्या भिंतीशी अर्थिंगचे खड्डे खणायचं काम चालू होतं, कोळसा आणि मिठाची पोती दारात, मोरीला कुलूप, आणि तिचे वडील अंगणात बंबाला फुंकर घालत डोळे चोळत होते. पण ते नंतरचं. खड्ड्यांपर्यंत गोष्ट गेली ती माळवद्यांच्या घरातूनच.

त्याचं असं झालं. माळवदे भांडून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात भांडी घासत होते, पाणी हौदातलं घेऊन. माळवदेकाकू आल्या. ह्या बाईचा आवाज मी एवढ्या वर्षांत फारसा ऐकलेला नव्हता. काका बोलत आणि काकू मान हलवत, असा त्यांचा संसार. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, एक ताट ओढलं आणि घासायला लागल्या.

"असू दे हो काकू."

"घासते की. मंदे, तो शिरगुप्पे कुठं बसतो गं?"

"लाइटच्या ऑफिससमोर. का?"

"आमच्याकडं लावून दे त्याला. आमची पाण्याची मोटर बिघडलीय कधीची. चालू केली की नळ जास्त चावतो, मला माहीत आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, विकायचंच आहे, कशाला खर्च."

"काका चिडतील, काकू."

"चिडलेत की. काल रात्री जेवले नाहीत." त्यांनी ताट उपडं घातलं आणि दुसरं घेतलं. "मंदे, घर माझ्या नावावर आहे. बायकोच्या नावावर घेतलं की सरकारी फी कमी पडते म्हणून घेतलं होतं. घेताना कागद पुढं ठेवले, म्हणाले, इथं सही कर. केली. आता विकताना पण म्हणतात, सोमवारी चल, इथं सही कर."

"मग?"

"मग काल म्हटलं, घर तपासून झाल्याशिवाय सही करत नाही. त्या पोरीचं मूल रांगतंय. ती काय माझी वैरीण आहे?" हे बोलताना त्यांच्या हातातल्या चोथ्याची गती वाढली होती. "ह्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग बघितलं माझ्याकडं नीट. लग्नात बघितलं नव्हतं एवढं."

मला हसू आलं, आणि ह्या वेळी मी ते गिळलं नाही. काकूही हसायला लागल्या. दोघींचे हात राखेनं भरलेले, त्यामुळं तोंडावर पदरही घेता येईना.

"नापास करायचे किती घेतो तो?" डोळे खांद्याला पुसत काकूंनी विचारलं.

"हजार. वर रिक्षा."

काकूंनी कमरेची पिशवी सोडली, नोटा काढल्या आणि माझ्या पदरात टाकल्या.

"हे कुठनं आणलेत?" मी विचारलं.

"ह्यांच्या खिशातनं. झोपले होते, विचारलं नाही." त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. "सांग त्याला, सोमवारच्या आत ये म्हणावं. आणि चांगलं ठळक लिही म्हणावं. काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही."